कव्हर बाजूला ठेवा, आतली कडा बघा : जुन्या जाझ रेकॉर्ड्सवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या जाझ रेकॉर्ड्सबद्दल थोडंसं लिहिलं होतं. ओरिजिनल प्रेसिंग म्हणजे रेकॉर्ड पहिल्यांदा बाजारात आली तेव्हाची छपाई, आणि ती नंतरच्या छपाईतून वेगळी कशी काढायची, एवढाच विषय होता. पण त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकते. सगळ्यांना उत्तरं देता येणार नाहीत, ज्यात बाकीच्यांनाही काही मिळेल असे प्रश्न निवडलेत.

प्रश्न : नमस्कार ताई, मी न्यू जर्सीत एडिसनला असतो. इथे जवळच एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथे ली मॉर्गनची 'द साइडवाइंडर' वीस डॉलरला मिळाली. मोनो आहे, लेबल निळं-पांढरं, खाली ब्लू नोट रेकॉर्ड्स आणि 'न्यू यॉर्क यूएसए' लिहिलंय, आणि आतल्या कडेला 'व्हॅन गेल्डर' असा शिक्का आहे. नेटवर बघितलं तर ह्या दोन्ही खुणा ओरिजिनलच्या म्हणून दिल्यात. पण ऑफिसमधला एक जण म्हणतो 'कान नाही म्हणजे ओरिजिनल नाही'. हा कान काय प्रकार आहे आणि आमच्यात बरोबर कोण?

उत्तर : बरोबर तुमचे ऑफिसवाले आहेत, पण तुम्ही वाचलंत तेही चूक नाहीये, अर्धं आहे. अर्ध्या माहितीवर सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

रेकॉर्ड बनते कशी ते आधी बघा. टेपवरचं संगीत एका लॅकरच्या तबकडीवर कापलं जातं, त्या लॅकरवरून धातूचे साचे निघतात आणि त्या साच्यांनी प्लान्टमध्ये हजारो रेकॉर्ड्स दाबल्या जातात. ब्लू नोट ही जाझ रेकॉर्ड्स काढणारी कंपनी, रूडी व्हॅन गेल्डर हा तिचा रेकॉर्डिंग इंजिनियर, आणि लॅकर कापायचं कामही तो स्वतः करायचा. कापून झालं की शेवटच्या ग्रूव्हच्या, म्हणजे सुई ज्या खाचेतून फिरते तिच्या, आणि लेबलच्या मधल्या कोऱ्या पट्ट्यात, म्हणजे आतल्या कडेला, आपली खूण टाकायचा, सुरुवातीला हाताने कोरलेलं 'आरव्हीजी', मग त्याच अक्षरांचा शिक्का आणि साधारण १९६२ पासून 'व्हॅन गेल्डर' असा पूर्ण शिक्का. आता ही खूण लॅकरवरच आहे म्हटल्यावर त्या लॅकरपासून निघालेल्या प्रत्येक साच्यात ती जाणार आणि त्या साच्याच्या प्रत्येक रेकॉर्डवर उमटणार, मग ती रेकॉर्ड १९६४ ला दाबलेली असो की १९७२ ला. म्हणजे व्हॅन गेल्डरची खूण तुम्हाला कापलं कोणी ते सांगते, दाबलं कधी ते सांगत नाही.

दाबलं कुठे ते सांगतो तो कान. ब्लू नोटच्या रेकॉर्ड्स १९६६ पर्यंत प्लास्टिलाइट नावाच्या प्लान्टमध्ये दाबल्या जायच्या, आणि गंमत म्हणजे हा प्लान्ट नॉर्थ प्लेनफील्डला होता, तुमच्या एडिसनहून गाडीने फार लांब नाही. त्यांची खूण म्हणजे लपेटीदार इंग्रजी 'पी', तो त्याच कोऱ्या पट्ट्यात असतो आणि दिसतो अगदी माणसाच्या कानासारखा, म्हणून त्याला सगळे कानच म्हणतात. तो बघायचा असेल तर दिवाणखान्यातला दिवा उपयोगाचा नाही, खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च अगदी तिरका धरा आणि रेकॉर्ड हळूहळू फिरवत जा, दोन्ही बाजूंना बघा कारण कधीकधी एका बाजूला पुसट असतो.

कान नसेलच तर काय झालं असणार? 'साइडवाइंडर' २१ डिसेंबर १९६३ ला रेकॉर्ड झाली, १९६४ ला आली आणि इतकी चालली की कंपनीच्या सगळ्यात खपलेल्या रेकॉर्ड्समध्ये जाऊन बसली, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा दाबली गेली. दरम्यान ब्लू नोटचा संस्थापक आल्फ्रेड लायन याने कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सला विकली, आणि १९६६ पासून लिबर्टीने छपाई प्लास्टिलाइटकडून काढून दुसरीकडे नेली. पण साचे तेच होते आणि छापून ठेवलेली जुनी लेबलंही पडून होती, ती कोण फेकणार, ती आधी संपवली. म्हणून लेबल जुनं, व्हॅन गेल्डर आहे, कान मात्र नाही, अशा रेकॉर्ड्स भरपूर सापडतात, तुमची तशीच दिसतेय. नंतर लेबलवर 'लिबर्टीचा विभाग' असं स्पष्ट छापायला लागले तेव्हा ओळखणं सोपं झालं.

लेबलवरचा पत्ता काळाचा अंदाज द्यायला चांगला असतो, म्हणजे १९५० च्या दशकात १९५७ पर्यंत ७६७ लेक्सिंग्टन अव्हेन्यू, मग ४७ वेस्ट ६३ स्ट्रीट, १९५९ पासून नावाला 'इंक' आणि नोंदणीचा छोटा 'आर' जोडला गेला आणि १९६२ च्या पुढे नुसतं न्यू यॉर्क यूएसए. पण लेबलं संपेपर्यंत वापरायची पद्धत त्यांच्याकडे आधीपासूनच होती, एका बाजूला एक पत्ता आणि दुसऱ्या बाजूला दुसरा अशाही रेकॉर्ड्स असतात, तेव्हा पत्त्यावर एकट्यावर कधी पैसे लावू नका.

कव्हरवर तर मुळीच नको. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका दुकानातून लेक्सिंग्टन पत्त्याचं कव्हर बघून एक एलपी घेतली, कव्हर इतकं सुंदर राहिलं होतं की आतली रेकॉर्ड बाहेर काढून नीट बघितलीच नाही, घरी येऊन टॉर्च धरला तर कान नाही आणि लेबल लिबर्टीचं. कुणीतरी कधीतरी चांगल्या कव्हरात दुसरी रेकॉर्ड घातली होती. दुकानदाराने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, त्यालाही कदाचित माहीत नसेल, पण पैसे मी ओरिजिनलचे दिले होते आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून कव्हर बाजूला ठेवते आणि आधी आतली कडा बघते.

आता तुमचं. वीस डॉलरला ही रेकॉर्ड उत्तम मिळाली आहे, कान असो नसो, कारण ऐकायला तुम्हाला व्हॅन गेल्डरने स्वतः कापलेलंच ऐकायला मिळतंय आणि आवाजात तोच सगळ्यात मोठा भाग असतो. शिवाय तुम्ही ज्या राज्यात राहता तिथेच हे सगळं घडलंय. व्हॅन गेल्डर दिवसा चष्म्याचे नंबर तपासायचा आणि हॅकेन्सॅकला आईवडलांच्या घराच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा, १९५९ ला एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला तेव्हा कुठे तो पूर्णवेळ यात आला. प्रेस्टीज कंपनीसाठीही त्याने भरपूर काम केलं. त्यांच्या पिवळ्या-काळ्या लेबलवर आधी न्यू यॉर्कमधला वेस्ट ५० स्ट्रीटचा पत्ता असतो आणि नंतर बर्गनफील्ड, न्यू जर्सीचा, तेव्हा तुमच्या भागातल्या अशा विक्रीत प्रेस्टीजवरही नजर ठेवा.

प्रश्न : ताई, मी पुण्याचा, तीन वर्षं आल्टो सॅक्सोफोन शिकतोय. सासऱ्यांनी त्यांच्याकडची माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' दिली, लाल लेबल आणि त्यावर दोन्ही बाजूंना डोळ्यासारखी तीन-तीन चिन्हं, म्हणजे जुनीच असणार. प्रॉब्लेम असा की 'सो व्हॉट' सोबत वाजवायला बसलो की सूर जुळतच नाही, मी ट्यूनर लावून बघितलं, मी बरोबर आहे. दुसरी बाजू मात्र व्यवस्थित जुळते. रेकॉर्ड वाकडी झालीय का, की प्लेयर बिघडलाय?

उत्तर : तुमचा कान चांगला तयार झालाय हे आधी सांगते. रेकॉर्ड ठीक आहे, प्लेयरही ठीक आहे, चूक १९५९ सालची आहे.

'काइंड ऑफ ब्लू' दोन दिवसांत रेकॉर्ड झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९, न्यू यॉर्कला कोलंबियाच्या ३० स्ट्रीट स्टुडिओत. २ मार्चला ज्या मशीनवर मुख्य टेप चालली होती ते जरा हळू चालत होतं, मग तीच टेप नंतर बरोबर वेगाच्या मशीनवर लावली की सगळं थोडं जलद आणि थोडं चढं वाजणार ना. त्या दिवशीच्या तिन्ही चिजा म्हणजे 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन' पहिल्या बाजूवर गेल्या, म्हणून पहिली बाजू चढी. दुसरी बाजू एप्रिलची, ती बरोबर आहे. 'सो व्हॉट' डी मध्ये आहे पण तुमच्या रेकॉर्डवर ती डी आणि त्याच्या लगेच वरचा सूर ई फ्लॅट ह्यांच्या मध्ये कुठेतरी वाजते, तिथे तुमचा सॅक्स कसा बसेल? १९९२ च्या आवृत्तीत त्याच दिवशी दुसऱ्या मशीनवर चाललेली टेप वापरून ही चूक दुरुस्त केली. म्हणजे त्याआधीची तेहेतीस वर्षं जगभर जे लोक रेकॉर्ड लावून तिच्यासोबत वाजवायला बसले त्यांचं तुमच्यासारखंच झालं असणार. रियाझाला नवी आवृत्ती वापरा, किंवा प्लेयरवर वेग कमी करायची सरकपट्टी असेल तर कानाने जुळवून जरा खाली आणा.

ओरिजिनल म्हणजे प्रत्येक बाबतीत अचूक असं नसतं, ती त्या क्षणी लोकांच्या घरात जशी पोचली तशी असते, आणि मला स्वतःला त्यासाठीच ती हवी असते.

आता तुमची प्रत किती जुनी. सहा डोळ्यांचं लेबल कोलंबियाने १९६२ पर्यंत वापरलं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवरून १९५९ चीच म्हणता येणार नाही. मोनो असेल तर नंबर सीएल १३५५ आणि स्टिरिओ असेल तर सीएस ८१६३. सुरुवातीच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूची दोन नावं उलट छापली गेली होती, म्हणजे 'फ्लॅमेंको स्केचेस' आधी आणि 'ऑल ब्लूज' नंतर, वाजतं मात्र आधी 'ऑल ब्लूज'. ते तपासा. मग आतल्या कडेला मोनोवर एक्सएलपी आणि स्टिरिओवर एक्सएसएम ने सुरू होणारा नंबर असेल, त्याच्या शेवटी १ए, १बी असं काहीतरी, म्हणजे कुठल्या लॅकरवरून निघाली त्याची खूण. १ए दिसलं की विकणारे किंमत दुप्पट सांगतात, पण कोलंबियाचे एकाहून जास्त प्लान्ट होते आणि प्रत्येकाला वेगवेगळी लॅकर एकाच वेळी पाठवली जायची, त्यामुळे १डी ची प्रतही त्याच आठवड्यात बाहेर पडलेली असू शकते. सासऱ्यांनी दिलेली आहे, विकायची नाहीये, तर फार खोलात जाऊ नका. वाजवा.

प्रश्न : ठाण्याहून लिहितेय. एक विक्रेता म्हणतो 'डीप ग्रूव्ह' आहे म्हणजे पहिलं प्रेसिंग, गॅरंटी. खरं का?

उत्तर : नाही. डीप ग्रूव्ह म्हणजे लेबलवर मधल्या भोकाभोवती जी खोलगट गोल रेघ दिसते ती, बोट फिरवलं तर लागते. तिचा गाण्याशी काही संबंध नाही, दाबायच्या मशीनमध्ये लेबलच्या जागी जो जुन्या घडणीचा भाग बसवलेला असायचा त्याचा तो ठसा आहे. ब्लू नोटवर साधारण १९६१ पर्यंत तो नेहमी दिसतो, नंतर मशीनचे भाग हळूहळू बदलले, त्यामुळे काही रेकॉर्ड्सवर एकाच बाजूला असतो आणि काहींवर बऱ्याच उशिरापर्यंत येतो. १९५८ च्या रेकॉर्डवर तो नसेल तर शंका घ्या, पण आहे म्हणून गॅरंटी नाही. आणि हल्लीच्या काही महागड्या नव्या आवृत्त्यांवरही जुन्यासारखं दिसावं म्हणून तो मुद्दाम काढलेला असतो. त्या विक्रेत्याला आतल्या कडेचा फोटो मागा, दिला नाही तर घेऊ नका.

प्रश्न : मी नाशिकचा, नोकरीला लागून दोन वर्षं झालीत, प्लेयर घेतलाय. महिन्याला तीन-चार हजार बाजूला काढू शकतो. ओरिजिनल ब्लू नोट घ्यायची स्वप्नं बघतोय, साठवत राहू का?

उत्तर : साठवत बसू नका, ऐकायला सुरुवात करा. चांगल्या अवस्थेतल्या ओरिजिनल ब्लू नोटची किंमत शेकडो डॉलरमध्ये जाते आणि सॅक्सोफोनवादक हँक मोब्लीच्या १५६८ नंबरसारखी एखादी हजारोंमध्ये, वर शिपिंग आणि कस्टम्स. तुमच्या वयाला ते पैसे एका तबकडीत अडकवू नयेत असं मला मनापासून वाटतं. त्याऐवजी १९७० आणि ८० च्या दशकातली जपानी प्रेसिंग बघा, किंग आणि तोशिबा ह्या दोन कंपन्यांची, कव्हरवर जपानी अक्षरांची उभी कागदी पट्टी असते तिला ओबी म्हणतात. व्हिनाइल, म्हणजे रेकॉर्डचं प्लास्टिक, अतिशय शांत, खरखर जवळजवळ नाही, आणि जपानी लोकांनी जपलेलंही छान असतं. किंवा मग ब्लू नोटची स्वतःची टोन पोएट मालिका, २०१९ पासून येतेय, मूळ टेपवरून नव्याने कापलेली, मला त्यातल्या काही रेकॉर्ड्स माझ्याकडच्या खराब झालेल्या ओरिजिनलपेक्षा जास्त आवडतात. खरवडलेल्या ओरिजिनलपेक्षा स्वच्छ नवी आवृत्ती केव्हाही बरी. आणि आधी मोबाइलवर पूर्ण ऐका, तीन वेळा ऐकावीशी वाटली तरच विकत घ्या.

प्रश्न : दादरला तळमजल्यावर राहतो, दर पावसाळ्यात एलपींवर पांढरी बुरशी. काय करू?

उत्तर : बुरशी बहुतेक वेळा वरवर असते, लवकर काढली तर ग्रूव्हला काही होत नाही. डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ मायक्रोफायबर कपड्याने ग्रूव्हच्या दिशेने गोल पुसा, आडवं कधीच नाही, लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने परत एकदा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार ग्रूव्हमध्ये बसतात. आतली कागदी पाकिटं बदलून टाका, कारण बुरशी तिथेच मुक्काम करते आणि धुतलेली रेकॉर्ड परत त्यात घातली की महिन्यात तेच. जाड चकचकीत पीव्हीसीची पाकिटं घेऊ नका, ती व्हिनाइलला चिकटून धुकट डाग पाडतात, ते जात नाहीत. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकून नको, आणि जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेल.

पण हे फक्त व्हिनाइलला. का ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : ताई, मी म्हापशाची. आजोबा १९४० च्या दशकात मुंबईत एका हॉटेलात हिशेब बघायचे, तिथला बँड त्यांना फार आवडायचा. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत जड काळ्या रेकॉर्ड्स निघाल्या, चाळीसेक असतील. बऱ्याच कोलंबियाच्या आहेत, नंबर एफबी ने सुरू होतो, काहींवर टेडी वेदरफोर्ड हे नाव आहे. फार धूळ आहे. ओळखीचे एक जण म्हणाले स्पिरिटने पुसा, लख्ख होतील. पुसू का? आणि ह्यात ओरिजिनल कुठल्या ते कसं कळणार?

उत्तर : स्पिरिट अजिबात लावू नका. लावलं असेल तर लगेच थांबा. ह्या अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या, रेकॉर्ड्स व्हिनाइलच्या नाहीत, लाखेच्या आहेत, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार फर्निचरला पॉलिश करताना लाखेचे चपडे स्पिरिटमध्येच विरघळवतो, तुम्ही बघितलं असेल. तेच तुमच्या ग्रूव्हचं होईल, लख्ख दिसतील आणि आवाज गेलेला असेल.

कोमट डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एकच थेंब, मऊ कापड, भराभर पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं, भिजत ठेवायचं नाही, कारण लाखेत दगडाची पूड वगैरे भरलेलं असतं आणि ते पाणी धरतं. लेबलवर पाणी नको. उन्हात वाळवू नका, वाकतील. दोन्ही हातांनी धरा, पडली की काचेसारखी फुटते. आणि कृपा करून एलपीच्या सुईवर वाजवू नका, अठ्ठ्याहत्तरचा ग्रूव्ह रुंद असतो, त्याला साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई लागते, एलपीची सुई तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते.

ओरिजिनल कुठल्या? तुमच्या ट्रंकेत हा प्रश्न जवळजवळ पडतच नाही. टेडी वेदरफोर्ड हा शिकागोत लुई आर्मस्ट्राँगबरोबर एकाच ऑर्केस्ट्रात वाजवलेला पियानोवादक, १९२६ ला आशियात आला, शांघायला गाजला, मग मुंबईत ताजमध्ये आणि पुढे कलकत्त्याला, आणि १९४५ ला कलकत्त्यातच कॉलऱ्याने गेला. त्याचे ते एफबी नंबर भारतातल्या विक्रीसाठी निघाले, छपाई कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात. ब्लू नोटसारखं पुन्हा पुन्हा दाबणं त्यांच्या वाट्याला फारसं आलंच नाही, तेव्हा तुमच्या हातात आहे तीच पहिली छपाई समजा. आणि लाखही इथलीच, छोटानागपूरच्या जंगलात पळस-बोरीवर वाढणाऱ्या किड्यांची. त्या काळात जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांना ती मुख्यतः भारतातूनच जायची, त्यामुळे आर्मस्ट्राँगच्या शिकागोतल्या जुन्या रेकॉर्ड्समध्येही बहुतेक आपलीच लाख असणार, मला हा विचार फार आवडतो.

आधी धुवायला घेऊ नका, आधी वही घ्या. प्रत्येक रेकॉर्डचा नंबर, दोन्ही बाजूंची नावं, आतल्या कडेला कोरलेलं जे काही असेल ते, सगळं लिहून काढा आणि लेबलचा फोटो. आजोबांनी पाकिटावर पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर ते पाकीट फाटकं असलं तरी टाकू नका, कुठल्या हॉटेलात कुठला बँड कधी होता ह्याच्या नोंदी फार कमी उरल्यात, एखादी तारीखही मोलाची असते. मग ज्या बऱ्या अवस्थेत आहेत त्या नीट सुईवर एकदाच वाजवून डिजिटल करून घ्या.

आणि त्या चाळीसात 'चिक अँड हिज म्युझिक मेकर्स' असं नाव दिसतंय का बघा. तो म्हणजे चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, तुमच्याच बार्देशातल्या हळदोण्याचा ट्रंपेटवादक, ज्याने पुढे आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम केलं, १९५१ च्या 'अलबेला'त तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. ती रेकॉर्ड निघाली तर ती पहिल्या दिवशी धुवू नका, आधी बाकीच्या सगळ्या धुवा, हात बसू दे, मग शेवटी ती घ्या. आणि तिचा नंबर मला नक्की कळवा.